पुढच्या डाव्या चाकाची हवा

डॉक्टरीणबाईंना आभार मानायची सवय नव्हती. दातांच्या डॉक्टरला ती नसतेच. आभार मानायचे ते पेशंटने, तेही अर्धा ओठ बधिर असताना, बोबड्या बोलांत. डॉक्टरने फक्त मान हलवायची आणि दोन तास काही खाऊ नका म्हणायचं. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे तरी अगदी पाय धरून आभार मानावेत असं बाईंना वाटलं, तेव्हा मोठीच पंचाईत झाली. एक तर ते कसे मानतात हे ठाऊक नव्हतं. दुसरं म्हणजे, ज्याचे मानायचे तो माणूस कोण हेच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की त्याने बाईंच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाची हवा काढली होती.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. एसयूव्ही म्हणतात ती, आणि त्यातलीही थोरली पाती. काळी कुळकुळीत, आत चढायला पायरी, सीटला गरम करायची सोय आणि गार करायचीही. गल्लीच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत तिच्या घशाला कोरड पडायची, इतकं तिला पेट्रोल लागायचं. बाईंचे यजमान शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी गाडीचं नाव ‘जहाज’ ठेवलं होतं. बाई निघाल्या की ते खिडकीतून रुमाल हलवत आणि विचारत, “परत कोणत्या महिन्यात?”

बाईंनी ती मिरवायला घेतली असं लोक म्हणत, पण ते खरं नव्हतं. पूर्वी त्यांच्याकडे छोटी गाडी होती. एका चौकात मागून ट्रकने तिचा चेंदामेंदा केला. बाई बचावल्या, खांद्याचं हाड तेवढं मोडलं. पण पुढे कितीतरी दिवस स्टिअरिंगला हात लावला की तळव्यांना घाम फुटायचा. मग एका दुकानात त्या ह्या जहाजात चढून बसल्या, वरून रस्त्याकडे पाहिलं, आणि घाम थांबला. लगेच म्हणाल्या, हीच. त्यांच्या त्या भीतीला कुणी हसू नये. मात्र भीतीची एक खोड असते, ती स्वतःपुरतंच बघते.

गल्ली अरुंद. तिथे बाईंचा दवाखाना खाली, घर वर, आणि शेजारी एका टेलरताईचं शिवणाचं दुकान. जहाज त्या दोन दारांसमोर उभं राहायचं, तेही दोन चाकं फूटपाथवर टाकून, कारण पूर्ण रस्त्यावर ठेवलं तर दुसरी गाडी जाईना. बाबागाडी ढकलणाऱ्या आया आणि काठी टेकत येणारे म्हातारे खाली उतरून रस्त्यावरून वळसा घालायचे. त्यातले निम्मे बाईंचेच पेशंट. पण ज्याच्या हातात आपली दाढ, त्याला बोलायचं कुणी?

बोलायच्या त्या एकट्या सिस्टर. दवाखान्यात कितीतरी वर्षं बाईंच्या उजव्या हाताला सिस्टर उभ्या असत. लाळ ओढायची नळी धरायची, हत्यारं उकळायची, फिलिंगचं सिमेंट काचेवर घोटून द्यायचं. बाईंनी हात पुढे केला की न मागता हवं ते हातात पडायचं. शिवाय रोज सकाळी सिस्टर पुढच्या खिडकीची कड पांढऱ्या फडक्याने पुसत आणि काळं झालेलं फडकं बाईंसमोर धरत.

“बघा मॅडम. कालच पुसलं होतं.”

“पुसायचं काम आहे तुमचं, सिस्टर. दाखवायचं नाही.”

सिस्टर फडकं धुवायला घेऊन जात. त्यांचं घर मोठ्या चौकात होतं, घरात दम्याचा नवरा होता, आणि तिथल्या खिडकीचं फडकं याहून काळं होई. पण ते दाखवायला त्या कधी घेऊन आल्या नाहीत.

अशात गावात हवावाल्यांचा बोलबाला झाला. हे लोक कुणाची काच फोडत नसत, रंगावर ओरखडा काढत नसत. जेवढी गाडी मोठी आणि महाग, तेवढं त्यांचं तिच्यावर लक्ष. चाकाला हवा भरायची जागा असते, तिचं टोपण काढायचं, त्यात मसुरीचा दाणा टाकायचा, टोपण परत फिरवून बसवायचं. दाणा आतली पिन दाबून धरतो, हवा हळूहळू निघून जाते, आणि सकाळी मालक येऊन बघतो तर गाडी एका गुडघ्यावर बसलेली. काचेवर पत्रक: ‘गाडी तुमची मोठी, हवा सगळ्यांची एकच.’ खाली कारणं दिलेली. धूर, तापत चाललेली पृथ्वी, गिळलेला फूटपाथ. आणि सगळ्यात खाली एक चित्र, उंच बॉनेटसमोर ओळीने बसलेली मुलं आणि आत ड्रायव्हर, ज्याला त्यातलं एकही दिसत नाही.

बाईंच्या काचेवर आधी नुसतं पत्रक आलं, चाकांना धक्का नव्हता. तेव्हा त्यांनी वरची ओळ वाचली आणि कागदाचा बोळा केला. चित्रापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. चारचौघांत, म्हणजे पेशंटांनी भरलेल्या बाकासमोर, त्यांनी जाहीर केलं, “माझ्या गाडीला जो हात लावेल, त्याचे दात मी भूल न देता काढीन.”

बाकावरचे एक गृहस्थ नंबर लागायच्या आधीच बरे होऊन घरी गेले.

त्यानंतर लवकरच ती सकाळ आली. बाईंना बहिणीला आणायला स्टेशनवर जायचं होतं आणि नेहमीप्रमाणे उशीर झाला होता. जहाजाला पुढे काही आडवं आलं तर ओरडणारे सेन्सर होते, पण समोरच्या विजेच्या खांबाला बघून ते रोजच बोंबलायचे, म्हणून बाईंनी ते गॅरेजमध्ये बंद करून घेतले होते. पुढच्या कॅमेऱ्यावर गेल्या आठवड्याचा चिखल वाळला होता. बाई गाडीला मागून वळसा घालून आल्या, पायरीवरून चढल्या, सीटवर बसल्या, आणि बसल्याबरोबर डावीकडे कलंडल्या. समोरच्या पडद्यावर लाल चाक उघडमीट करायला लागलं.

“मेल्यांनो!” बाई म्हणाल्या आणि दार आपटून खाली उतरल्या. डाव्या चाकाकडे जायला त्यांनी बॉनेटला वळसा घातला. तिथे, बंपरला पाठ टेकून, मांडी घालून बटण बसली होती.

बटण म्हणजे टेलरताईची मुलगी. खरं नाव तिला शाळेत मिळणार होतं. तोवर गल्लीने तिला बटण केलं होतं, कारण ती तशीच गोल होती आणि दिवसभर आईच्या डब्यातली बटणं घेऊन फिरायची. आत्ताही तिने जमिनीवर बटणांचे ढीग मांडले होते. पांढरी एकीकडे, काळी एकीकडे, आणि ज्यांचं काही ठरत नव्हतं ती मांडीवर.

“डॉक्टरकाकू, थांबा! तुमच्या पायाखाली माझं सोनेरी आहे.”

बाईंनी पाय उचलला. तो परत कुठे टेकायचा ते त्यांना सुचेना.

“तू कधीपासून बसलीयेस इथे?”

“मघापासून. इथे सावली आहे.”

“मी गाडीत चढले ते दिसलं नाही तुला?”

“नाही,” बटण म्हणाली. “गाडी किती उंच आहे. तुम्ही मला दिसतच नाही.”

बाईंनी बॉनेटकडे पाहिलं. मग त्या तशाच, कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी, रस्त्यावर खाली बसल्या. बटणने त्यांच्या पुढ्यात मांडीवरची बटणं ओतली आणि म्हणाली, ही तुम्ही लावा. बाई लावायला लागल्या. दोन-चार लावली असतील, मग त्यांना दिसेनासं झालं. पांढरं बटण काही त्यांना पांढऱ्यात टाकता येईना.

बटणने वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग सुस्त बसलेल्या चाकाकडे पाहिलं. तिला कारण समजलं.

“रडू नका काकू,” ती म्हणाली. “हवा परत भरता येते.”

पुढचं सगळं रीतसर झालं. बहीण टॅक्सीने आली आणि त्यावरून चार शब्द बोलली. पंक्चरवाला आला, त्याने हवा भरली आणि जुनं टोपण बाईंच्या हातावर ठेवलं. “ह्यात काहीतरी कोंबलंय बघा. लोकांना काही कामधंदा नाही.” बाईंनी ते टोपण ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि जहाजावर आच्छादन ओढलं. त्या दिवसापासून त्या पायी जाऊ लागल्या, आणि कुणालाही अवाक्षर बोलल्या नाहीत. मास्तरांनाही नाही.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? टेलरताईच्या दुकानात जायचं, तिचा पाय मशीनवर, तोंडात टाचण्या, आणि म्हणायचं, अगं, मी तुझ्या मुलीवर गाडी घालणार होते, पण घातली नाही? बाईंनी आरशासमोर तोंड उघडून बघितलं. दात चांगले होते, शब्द नव्हते. रोज सकाळी दवाखाना उघडताना टेलरताई काचेतून हात हलवायची, बाई हात हलवायच्या, आणि दिवसभर तो हात त्यांना जड वाटायचा. तिने हे ऐकलं की ती पुन्हा कधी हात हलवणार नाही, याची त्यांना खात्री होती.

मग माणसं करतात तेच बाईंनी केलं. अवघड काम बाजूला ठेवून त्यातल्या त्यात सोपं हातात घेतलं. आधी त्या हवावाल्याला शोधू, त्याचे आभार मानू, मग टेलरताईचं बघू.

हे सोपं काम किती अवघड आहे ते पहिल्याच दिवशी कळलं. हवावाल्यांत सायकल दुरुस्त करणारा एक गडी होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याची मागची दाढ किडली होती. तो खुर्चीत आडवा झाला, सिस्टरांनी नळी लावली, बाईंनी ड्रिल हातात घेतलं, ते सुरू केलं, आणि त्याच्यावर वाकून शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, “माझ्या गाडीची हवा तूच काढलीस ना? सांग. मी रागावणार नाही.”

‘मी रागावणार नाही’ हे वाक्य आजवर कुठल्या लेकराने खरं मानलंय? सायकलवाल्याचे डोळे पांढरे झाले. तो नळीच्या बाजूने “आं आं” करायला लागला.

“हो म्हणतोयस की नाही म्हणतोयस?”

“आं!”

“अरे, मला आभार मानायचेत तुझे!” बाई कळवळून म्हणाल्या आणि त्या भरात ड्रिल जरा वर उचललं. ते पाहून सायकलवाल्याने डोळे मिटून घेतले. काम संपल्यावर तो चूळसुद्धा न भरता पळाला. गळ्यातलं कागदी फडकं गळ्यातच होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्या हसत हसत विचारतात, आणि तेच जास्त भयंकर आहे.

सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. नळी त्यांच्या हातून एकदा निसटली, आणि असं कधी होत नसे.

मग बाई वाचनालयात गेल्या. हवावाल्यांची बैठक तिथे भरायची आणि ग्रंथपालबाई त्यांच्या म्होरक्या होत्या. डॉक्टरीणबाई दारात दिसल्या आणि सगळे एकदम पुस्तकं वाचायला लागले. एकाने उलटं धरलं होतं.

“हे बघा,” बाई म्हणाल्या, “तुमच्यापैकी ज्याने कुणी माझ्या चाकाची हवा काढली, त्याने उद्या घरी यावं. मला त्याचा सत्कार करायचाय.”

“सत्कार,” एक वकील हळूच शेजाऱ्याला म्हणाला. “ह्या शब्दाला कोर्टात फार अर्थ आहेत. तोंड उघडू नकोस.”

ग्रंथपालबाई मात्र धीराच्या. त्या उठून म्हणाल्या, “डॉक्टर, खरं सांगते, त्या पत्रकानंतर आमच्यातल्या कुणीच तुमच्या गाडीला हात लावला नाही. हिंमतच नव्हती कुणाची. तुमची गाडी यादीत होती हो. पण दात सगळ्यांनाच आहेत.”

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा पडला. ग्रंथपालबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि, आता आल्याच आहेत तर, एक पत्रकही दिलं. ह्या वेळी बाईंनी ते खालपर्यंत वाचलं. शेवटच्या चित्राजवळ त्या बराच वेळ थांबल्या. उलटं पुस्तक धरणाऱ्याने हळूच ते सुलटं केलं.

त्या आठवड्यात बाईंना पायी चालण्याच्या नादात बऱ्याच गोष्टी दिसल्या. फूटपाथ किती ठिकाणी मोडलाय, हे. काठीवाले आजोबा रस्त्यावर उतरताना आधी डोळे मिटून घेतात, हेही. मोठ्या चौकात, सिस्टरांच्या घराच्या बाजूला, श्वास घेतला की जिभेवर काय चव येते, हे. इतकी वर्षं सिस्टर रोज त्या चवीतून चालत येत होत्या, आणि बाई गार केलेल्या सीटवर बसून त्यांच्या शेजारून जात होत्या. एकदा तर हॉर्नही वाजवला होता.

एके दिवशी दुपारी एक पेशंट आला नाही. बहुधा सायकलवाल्याचा मित्र असावा. दवाखाना रिकामा होता, सिस्टर मागे नळाखाली हत्यारं धूत होत्या. बाईंनी खिशातलं टोपण काढलं. बरेच दिवस त्या ते चाचपत होत्या, पण नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं की ती सकाळ आठवायची. आता त्यांनी दिवा ओढला, भिंगाचा चष्मा नाकावर घेतला आणि टोपणाच्या पोटात नजर घातली.

मसुरीचा दाणा नव्हताच तो. मळकट पांढरं, घट्ट बसलेलं काहीतरी होतं. बाईंनी ते सुईच्या टोकाने टोकरलं आणि त्यांचा हात थांबला. हे सिमेंट होतं. दात तात्पुरता बंद करायचं. ते टोपणात नुसतं कोंबलं नव्हतं, भरलं होतं. कडेला फट नाही, बुडबुडा नाही, वरचा फुगवटा गोल हत्याराने गुळगुळीत केलेला, बाहेर सांडलेलं कापसाने टिपून घेतलेलं. असं काम गावात दोनच माणसांना येत होतं. त्यातल्या एका माणसाने ते केलेलं नव्हतं, हे बाईंना नक्की माहीत होतं.

मागे नळ चालूच होता. धुवायला इतकी हत्यारं नव्हती.

“सिस्टर,” बाई म्हणाल्या, “सिमेंट फार सुंदर घोटलंय हो.”

नळ बंद झाला. सिस्टर वळल्या नाहीत. त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं की त्या हे वाक्य कधी येतंय याची वाट बघत होत्या.

“मी आजच काम सोडते, मॅडम.”

“दाणा का नाही वापरलात?”

“दिला होता त्यांनी. ग्रंथपालबाईंनी सगळ्यांनाच वाटले होते.” सिस्टर अजून भिंतीशीच बोलत होत्या. “मी त्यांच्यातली नाही, नुसती बसायला जायचे. संध्याकाळी घरी जाताना घालून बघितला. पण सैल बसत होता. हलत होता आत. तुम्हीच म्हणता ना, सैल बसलेलं काही टिकत नाही. मग परत आत आले आणि...”

“आणि फिलिंग केलंत.”

“हो.”

“माझ्या गाडीला.”

“हो.” आता सिस्टर वळल्या. डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती. “राग आला होता, मॅडम. त्या दिवशी घरी ह्यांना श्वास घेता येईना, पहाटेपासून मी त्यांची पाठ चोळत बसले होते. तशीच कामाला आले. खिडकी पुसली, तुम्हाला फडकं दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, पुसायचं काम आहे तुमचं. म्हटलं, थांबा. आज एक काम मीही करते. चुकलं माझं. पण राग खरा होता.”

बाई उठल्या. सिस्टर एक पाऊल मागे सरकल्या, दातांची धमकी त्यांनाही आठवत असणार. बाईंनी त्यांचे दोन्ही ओले हात धरले आणि त्यांवर आपलं कपाळ टेकवलं. मान वर न करताच त्यांनी सगळं सांगितलं. बहीण, उशीर, बंद केलेले सेन्सर, चिखलाचा कॅमेरा, लाल चाक. आणि बंपरला टेकलेली बटण. पहिल्यांदाच मोठ्याने सांगत होत्या, त्यामुळे क्रम चुकत होता, पण सिस्टरांना कळलं. कळल्यावर त्या मागे सरकत पेशंटच्या खुर्चीत बसल्या, कारण जवळ तीच होती.

“हवा असती तर?” सिस्टर म्हणाल्या.

“हवा असती तर मी निघाले असते.”

सिस्टरांनी हात वर करून खुर्चीवरचा दिवा बंद केला.

“तुमचे उपकार कसे फेडू, सिस्टर? मी गावभर तुम्हालाच शोधत होते. तुम्ही शेजारी नळी धरून उभ्या!”

“टेलरताईला सांगितलंत?”

बाईंनी मान हलवली. नाही.

“मग माझे आभार कसले मानता?” सिस्टर म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या बाईंशी ह्या आवाजात बोलल्या नव्हत्या. “मला राग आला म्हणून मी केलं. मुलगी तिची आहे. आधी तिला सांगा.”

“ती माझं तोंड बघणार नाही.”

“नाही बघणार कदाचित,” सिस्टर म्हणाल्या आणि ॲप्रनला हात पुसत उठल्या. “चला. मी आहे बरोबर.”

टेलरताई एका कोटाला अस्तर लावत होती. बटण टेबलाखाली होती, नेहमीसारखी. बाई दारात उभ्या राहिल्या आणि बसा म्हणायच्या आत बोलायला लागल्या, कारण बसल्या असत्या तर बोलल्याच नसत्या. ह्या वेळी क्रम चुकला नाही. सेन्सर आपणच बंद केले होते, हे त्यांनी गाळलं नाही. सिस्टरांनी काय केलं तेही सांगितलं. हळूहळू मशीनचा आवाज मंदावला आणि थांबला. टेलरताईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या.

मग ती म्हणाली, “त्या दिवशी बटण घरी येऊन म्हणाली, डॉक्टरकाकू रस्त्यावर बसून रडल्या. मला वाटलं, तुमच्याकडे काहीतरी वाईट झालंय. विचारायला म्हणून किती वेळा तुमच्या दारापर्यंत आले आणि परत गेले. मनात म्हटलं, त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा सांगतील.”

आरशासमोर बाईंनी सगळी उत्तरं तयार केली होती, शिव्यांचीसुद्धा. ह्याचं केलं नव्हतं.

“किल्ली द्या,” टेलरताई म्हणाली.

आच्छादन निघालं. टेलरताई पायरीवरून वर चढली आणि स्टिअरिंग धरून बसली. इतक्या उंच ती कधी बसली नव्हती. सिस्टर बटणला घेऊन गाडीसमोर गेल्या आणि त्या सकाळी बसली होती तिथेच तिला उभं केलं. बसवलं नाही, उभं केलं. गल्लीत दोघं-चौघं थांबले. मास्तर खिडकीत आले, त्यांच्या हातात रुमाल नव्हता.

“बटणे,” काच खाली करून टेलरताईने हाक मारली. “कुठे आहेस?”

“इथे!”

“हात वर कर बघू.”

“केलाय!”

टेलरताईला काळं बॉनेट दिसत होतं, त्यापलीकडे रस्ता, विजेचा खांब, आणि दूरवरचे लोक अगदी स्वच्छ दिसत होते. लेकीचा आवाज येत होता आणि लेक नव्हती. तिने आणखी पुढे वाकून पाहिलं. बाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी तिचे हात पाहिले. तळवे ओले झाले होते.

मग सिस्टरांनी बटणला काखेत धरून उचललं. आधी केस दिसले, मग कपाळ, मग सगळा गोल चेहरा बॉनेटच्या वर आला, तोंडभर हसत.

“आई, दिसले?”

“दिसलीस,” टेलरताई म्हणाली. “दिसलीस गं माझी बाय.” आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून ती मोकळेपणी रडली.

उतरायला बाईंनी हात पुढे केला. टेलरताईने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, मग तो घट्ट धरला आणि पायरीवरून खाली आली. “ही आता कुणाच्या दारात उभी करायची नाही,” ती म्हणाली. बाई म्हणाल्या, “नाही.” पुढे जहाज डोंगरापलीकडच्या एका इस्पितळाने नेलं, तिथले रस्ते दरवर्षी वाहून जायचे. सेन्सर दुरुस्त करून, चालू करून, कॅमेरा स्वतःच्या हातांनी घासून मगच बाईंनी किल्ली दिली. ते नंतरचं झालं.

त्या दुपारी टेलरताई बाईंचा हात सोडून सिस्टरांपाशी गेली. सिस्टरांच्या कडेवर बटण होती आणि तिला खाली ठेवायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं.

“माझे कसले आभार मानताय,” ती काही बोलायच्या आधीच सिस्टर घाईने म्हणाल्या. “मला काय माहीत होतं? मी तर रागाने केलं.”

टेलरताईने लेकीला आणि सिस्टरांना एकाच मिठीत घेतलं.

“सिस्टर,” ती म्हणाली, “तुम्हाला असाच वेळेवर राग येत राहो.”